कातडे रानातच वाचते

1909 च्या एप्रिलमध्ये थिओडोर रूझवेल्ट मोंबासाच्या बंदरात उतरले. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी पूर्व आफ्रिकेतल्या प्राण्यांचे नमुने गोळा करायला ते आले होते. बरोबर मुलगा कर्मिट आणि तीन निसर्ग-अभ्यासक होते: लष्करी सेवेतून निवृत्त झालेले डॉक्टर एडगर मर्न्स, एडमंड हेलर आणि ऑल्डन लोरिंग. बंदुका, काडतुसे, तंबू, औषधे, पुस्तके हे सगळे सामानात होतेच. पण त्या सामानातली एक नोंद वाचताना आपण थबकतो. बारीक मीठ, चार टन.

त्या काळी आफ्रिकेतल्या सफारीत एका हमालाचे ओझे साधारण 60 पौंड धरत. या हिशेबाने नुसते मीठच वाहायचे म्हटले तर सव्वाशेहून जास्त माणसे लागली असती. स्वयंपाकाला एवढे मीठ कोण नेतो? हे सारे मीठ कातड्यांसाठी होते. हेलरकडे मोठ्या सस्तन प्राण्यांचे काम होते आणि विषुववृत्ताच्या उन्हात मिठाशिवाय एक कातडेही धड घरी पोचणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

संग्रहालयात काचेमागे उभा असलेला सिंह शंभर वर्षांनंतरही आयाळीसकट शाबूत दिसतो, तेव्हा आपण संग्रहालयाच्या कारागिरांचे कौतुक करतो. ते कौतुक रास्तच आहे. पण कातडे टिकणार की सडणार, याचा निकाल त्या कारागिराच्या हाती ते येण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. जनावर पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, उघड्या रानात, कंदिलाच्या उजेडात काम करणारी माणसे तो निकाल लावतात. हे प्रकरण त्या कामाविषयी आहे.

मेल्यावर कातड्यात काय घडते

ताज्या कातड्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वरचा पातळ थर बाह्यत्वचेचा. त्याखाली जाड अंतस्त्वचा, म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची घट्ट वीण. पुढे ज्याचे चामडे होते तो हाच थर. त्याच्याही खाली चरबी आणि मांसाला जोडणारा सैल पापुद्रा. केसांची मुळे अंतस्त्वचेत खोल गेलेली असली, तरी ज्या पिशवीत केस रुतलेला असतो तिचे अस्तर बाह्यत्वचेच्याच पेशींचे असते.

प्राणी जिवंत असतो तोवर रक्त कातड्याला प्राणवायू पुरवते आणि जंतूंना आवरून धरते. हृदय थांबले की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पेशींमधली विकरे त्याच पेशी पचवू लागतात आणि कातड्यावर आधीपासून असलेले जीवाणू भराभर वाढू लागतात. ऊब, ओल आणि अन्न तिन्ही मिळाले तर कित्येक जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. मोठ्या जनावराचे धड तासन्‌तास गरम राहते आणि जाड केसांचे पांघरूण ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे कुजण्याला लागते ते सारे कातड्यापाशी आयतेच जमून येते.

पहिला बळी पडतो तो केसांच्या पिशवीचे नाजूक अस्तर. कोलॅजन अजून मजबूत असते, कातडे ओढले तर फाटतही नाही. वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. पण पोटावरचे किंवा कानामागचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले की ते पुंजक्याने हातात येतात. अशा कातड्याचे पुढे चामडे होऊ शकेल, पण त्याच्यापासून प्राणी पुन्हा उभा करता येणार नाही. एकदा केस सुटू लागले की कोणतेही रसायन त्यांना परत धरून ठेवू शकत नाही.

म्हणून रानातला पहिला नियम सुरी चालवण्याच्याही आधीचा आहे. जनावर सावलीत घ्यायचे, फरफटत न्यायचे नाही आणि शक्य तितक्या लवकर उघडून आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची. खडकावरून दहा पावले ओढलेल्या हरणाच्या कुशीवरचे केस तिथेच घासून जातात.

सुरीचे काम

पोटाच्या मध्यरेषेवरून छातीपासून शेपटीपर्यंत एक सरळ छेद आणि चारही पायांच्या आतल्या बाजूने त्याला येऊन मिळणारे छेद, ही मोठ्या जनावराची नेहमीची पद्धत. शिंगे असतील तर मानेच्या मागून वर जाऊन शिंगांच्या बुंध्यांशी फाटा फुटणारा आणखी एक छेद घेतात. सुरीचे पाते केसांखाली सरकवून आतून बाहेर कापायचे, म्हणजे केस तुटत नाहीत आणि शिवण पुढे लपते. इथपर्यंतचे काम खाटीकही उत्तम करील. खरी परीक्षा डोक्याशी सुरू होते.

कानाचेच पाहा. बाहेरून कान एक पातळ पान वाटतो, पण त्यात पुढचे कातडे, मागचे कातडे आणि दोहोंच्या मधे कूर्चेचा पत्रा असतो. कूर्चेला चिकटलेल्या कातड्यापर्यंत मीठ पोचतच नाही. म्हणून कान बुंध्याशी कापून झाल्यावर मागचे कातडे कूर्चेपासून सोडवत सोडवत थेट टोकापर्यंत न्यावे लागते आणि खिसा उलटा करावा तसा सगळा कान आतून बाहेर काढावा लागतो. इथे धारदार सुरी उपयोगाची नाही. बोथट लाकडी पट्टी, बोटाचे टोक आणि धीर एवढ्यावरच काम चालते. टोकाचे शेवटचे बोटभर कातडे घाईने तसेच सोडले, तर नेमके तिथलेच केस पुढे झडतात आणि जन्मभर नीट दिसणाऱ्या प्राण्याचा कान कुरतडल्यासारखा दिसतो.

ओठांचेही असेच. ओठ हाडापासून अगदी जवळून कापून घ्यायचे, मग बाहेरचे कातडे आणि आतले मऊ अस्तर यांच्यामधून सुरी घालून ओठ कडेपर्यंत चिरून उघडायचा. पापण्या सोडवताना एक बोट बाहेरून डोळ्याच्या खोबणीत ठेवतात, म्हणजे सुरी कुठे आली ते बोटाला कळते आणि पापणी कापली जात नाही. नाकाची कूर्चा पातळ करायची. तळपायांच्या गाद्यांमागचे मांस काढायचे. शेपटीतले हाड ओढून काढायचे आणि शेपूट खालून टोकापर्यंत चिरायची. जिथे जिथे दुहेरी कातडे, कूर्चा किंवा मांसाचा गोळा उरतो, तिथे तिथे सड पहिल्यांदा शिरते.

त्यानंतर कातडे पालथे घालून आतली बाजू खरवडायची. चरबीचा थर मिठाला आत शिरू देत नाही, शिवाय उष्णतेने तो वितळून तंतूंमध्ये मुरतो, खवट होतो आणि काही महिन्यांनी कातडे तिथेच ठिसूळ पडते. अस्वल, रानडुक्कर यांसारख्या चरबीदार जनावरांना म्हणूनच दुप्पट वेळ लागतो.

हत्ती आणि गेंडा यांची गोष्ट वेगळीच. हत्तीचे कातडे काही ठिकाणी अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड असते. एवढ्या जाडीतून मीठ आरपार पोचेपर्यंत मधला भाग सडून जाईल. म्हणून ते बहुतेकदा मोठ्या तुकड्यांत काढतात आणि आतल्या बाजूने तासून तासून पातळ करतात. हे एकट्याचे काम नव्हे. कातड्याभोवती गोल करून बसलेली माणसे दिवसभर सुऱ्या चालवत आणि एक माणूस नुसती धार लावून देत असे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या आफ्रिकी सस्तन प्राण्यांच्या दालनाचा शिल्पकार कार्ल एकली हत्तींच्या अशाच तासलेल्या कातड्यांवर वर्षानुवर्षे खपला. 1926 मध्ये बेल्जियन काँगोच्या डोंगरांत, मोहिमेवर असतानाच त्याला मरण आले. दालन उघडले ते 1936 मध्ये. एकलीचे नाव त्या दालनाला मिळाले. रानात बसून कातडी तासणाऱ्या आफ्रिकी माणसांपैकी बहुतेकांची नावे मात्र कुठेच लिहिली गेली नाहीत.

मीठ काय करते

मीठ जंतूंना विष म्हणून मारते, असा समज आहे. ते खरे तर पाणी पळवते. कातड्याच्या आतल्या बाजूवर मीठ चोळले की पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते, त्या पाण्यात मीठ विरघळते आणि ते तीव्र खारे पाणी पुन्हा तंतूंमध्ये शिरते. जीवाणूंच्या पेशींतलेही पाणी याच ओढीने बाहेर जाते आणि बहुतेकांची वाढ थांबते. लोणची आणि खारवलेले मासे याच नियमावर टिकतात.

प्रमाणाचा ढोबळ नियम असा की जितके कातड्याचे वजन, जवळपास तितके मीठ. कंजूषपणाला इथे जागा नाही, कारण अर्धवट खारवलेले कातडे न खारवलेल्यापेक्षा फारसे चांगले नसते. मीठ बारीक हवे. मोठे खडे कातड्याला एकेका बिंदूतच टेकतात, मधली जागा कोरडी राहते. कडा, कानाचे टोक, ओठांची चीर, पंजाची बोटे इथे मीठ बोटाने दाबून भरावे लागते. मग आतली बाजू आत ठेवून कातडे घडी घालायचे आणि उतारावर ठेवायचे, म्हणजे सुटणारे पाणी निथळून जाते. दुसऱ्या दिवशी घडी उघडली की मिठाचा लगदा झालेला असतो. तो झटकून टाकायचा आणि नवे मीठ लावायचे.

काढलेले मीठ वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह रानात मोठा असतो, कारण प्रत्येक पोते कुणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते. पण त्या मिठात रक्त आणि प्रथिने मिसळलेली असतात. शिवाय काही जीव असे आहेत की ज्यांना खारेपणाच मानवतो. समुद्राचे पाणी वाळवून केलेल्या मिठात ते असतातच. उष्ण, दमट जागी ते खारवलेल्या कातड्यावर लालसर डाग पाडतात आणि मिठाने वाचवलेले कातडे मिठातच खराब होते.

मिठाची आणखी एक मर्यादा आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून घेऊ लागते. कोकणात जुलै महिन्यात बरणीतले मीठ पाघळते ते यामुळेच. पावसाळी हवेत खारवलेले कातडेही असेच पुन्हा ओले होते आणि थांबलेली सड पुन्हा सुरू होते. म्हणून अशा प्रदेशात खारवून थांबता येत नाही. कातडे वाळवावे लागते, उघड्यावर न ठेवता छपराखाली वारा खेळेल असे टांगावे लागते आणि दर एक-दोन दिवसांनी हाताने चाचपून पाहावे लागते.

ऊन नको, वारा हवा

ओले कातडे पाहिले की ते उन्हात पसरावे, हे कुणालाही सुचेल. या एका चुकीने जेवढी कातडी गेली असतील तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने गेली असतील. कडक उन्हात वरचा थर झटकन वाळून कडक होतो आणि आतली ओल कोंडून राहते. बाहेरून खडखडीत, आतून सडके, अशी अवस्था होते. त्यात ओल्या कोलॅजनला साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागली तर त्याची वीण आक्रसते आणि पुढे त्याचा सरस होऊ लागतो. आफ्रिकेतल्या किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात तापलेल्या खडकावर एवढे तापमान मिळायला वेळ लागत नाही. असे कातडे नंतर पाण्यात भिजवले की जागोजाग विरघळते. शेकोटीजवळ वाळवण्याचाही हाच धोका. म्हणून सावली आणि वारा हेच खरे. वाळत असतानाच घडी घालून ठेवायचे, नाहीतर पूर्ण वाळल्यावर घडी घालताना कातडे तडकते.

मीठ पोचतच नाही अशा मुलखांत माणसांनी आपापले उपाय काढले. आर्क्टिकच्या इन्युइट बायका उलू नावाच्या अर्धगोल सुरीने सीलच्या आणि कॅरिबूच्या कातड्यावरची चरबी खरवडतात. थंडी हाच तिथला मिठाचा पर्याय. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी हरणाचे कातडे त्याच प्राण्याच्या मेंदूचा लगदा चोळून मऊ करत आणि मग धुरावर धरत. मेंदूतले स्निग्ध पदार्थ तंतूंना वंगण देतात आणि धुरातली रसायने ते तंतू पक्के बांधतात. हे नुसते राखणे नव्हे, तर कमावणे झाले. आपल्याकडे हेच काम हिरडा आणि बाभळीची साल यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आणि ढोर समाजाच्या कारागिरांच्या या कसबावरच कोल्हापुरी चप्पल उभी राहिली. रानात मात्र कमावायला सवड नसते. तिथे कातडे फक्त कारागिराच्या हाती पोचेपर्यंत टिकवायचे असते.

खानदेशातले छोटे जीव

मोठ्या जनावरांची कातडी डोळ्यांत भरतात, पण प्राणिशास्त्र खरे वाढले ते लहान जिवांच्या कातड्यांवर. याचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण मुंबईतूनच उभे राहिले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. काम सुरू झाले ते खानदेशात आणि तिथले संग्राहक होते सी. ए. क्रम्प. पुढे धारवाड, कानडा, कूर्ग असे करत ती देशभर आणि देशाबाहेर पसरली आणि 1923 पर्यंत चालली. हजारो कातडी जमली. त्यांत वाघ-बिबट्यांपेक्षा उंदीर, खारी, चिचुंद्र्या आणि वटवाघळे यांचाच भरणा होता.

इथली रीत वेगळी. संध्याकाळी सापळे लावायचे आणि उजाडायच्या आत गोळा करायचे, कारण उशीर झाला तर मुंग्या आधी पोचतात. मग मोजमाप. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, शेपटी, मागचा पाय आणि कान, ही चार मापे सोलण्याआधीच घ्यायची. कातडे ओले असताना ताणले जाते आणि वाळल्यावर आक्रसते, म्हणून नंतर घेतलेल्या मापाला अर्थ नसतो.

पोटावर छोटा छेद, तोही आतडी न उघडता. रक्त आणि ओल टिपायला लाकडाचा भुस्सा किंवा पीठ. मागचे पाय गुडघ्याशी सोडवायचे, शेपटीचे हाड अलगद ओढून काढायचे, कातडे डोक्यावरून उलटे करत नाकापर्यंत न्यायचे आणि कवटी वेगळी करायची. आतून औषध लावायचे, कापसाचे नेमक्या मापाचे धड करून भरायचे, शेपटीत तार घालायची, पोट शिवायचे आणि फळीवर पाय सरळ करून टाचण्यांनी रोवून ठेवायचे. सरावलेला हात हे सगळे तासाभरात उरकतो. असा नमुना जिवंत प्राण्यासारखा दिसत नाही आणि तसा दिसणे अपेक्षितही नसते. तो कप्प्यात इतर शंभर उंदरांशेजारी ठेवून ताडून पाहता यावा, एवढेच हवे असते.

आतून लावायचे ते औषध म्हणजे सोमलाचा साबण. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेट्झ शहरातले औषधविक्रेते झां-बातिस्त बेकर यांनी तो तयार केला. सोमल, साबण, कापूर, चुना आणि पोटॅशचा क्षार यांचे ते मिश्रण होते. बेकर यांनी कृती गुप्त ठेवली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1800 च्या सुमारास ती छापून आली आणि जगभर पसरली. त्यापूर्वीचे पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे संग्रह बहुतेक सगळे कसरीने खाऊन टाकले आहेत. त्यानंतरचे टिकले. कातडे खाणारे हे भुंग्यांच्या जातीचे किडे सोमलाच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. त्याच जातीचे किडे आज संग्रहालये मुद्दाम पाळतात आणि त्यांच्याकडून कवट्यांवरचे मांस साफ करून घेतात. सोमलाची किंमत मात्र ते लावणाऱ्यांनी चुकवली. नखांत, चिरांत आणि श्वासात ते जात राहिले. जुन्या संग्रहांना आज हातमोजे घालूनच हात लावतात, कारण शंभर वर्षांनीही ते विष त्या कातड्यांत आहे.

चिठ्ठी

मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी हा कातडे राखण्याचाच भाग आहे. तीवर ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, नर की मादी, चार मापे आणि संग्राहकाचे नाव. कवटीच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक. हे त्याच दिवशी, न पुसणाऱ्या शाईने लिहायचे असते. चार दिवसांनी आठवून लिहू म्हटले की दोन ओढ्यांतले उंदीर एकमेकांत मिसळतात. केस, नखे, रंग सारे उत्तम राखलेले, पण कुठला आणि केव्हाचा हे हरवलेले कातडे शास्त्राच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी होते.

वाचलेल्या कातड्यांचे मोल

दक्षिण आफ्रिकेतला क्वाग्गा, म्हणजे पुढच्या अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला झेब्रा, शिकारीने नामशेष झाला. शेवटची मादी 12 ऑगस्ट 1883 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्यानंतर शतकभराने केप टाउनचे राइनहोल्ड राऊ जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातले क्वाग्गा नव्याने उभारत होते. तेव्हा कातड्याच्या आतल्या बाजूला चिकटून वाळलेले मांसाचे तुकडे त्यांना आढळले. खरवडण्याच्या कामातली ती कसूरच होती, पण वेळेवर वाळल्यामुळे ती टिकली होती. त्या तुकड्यांमधून कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी डीएनए मिळवला आणि 1984 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए वाचण्याची ती पहिलीच वेळ. क्वाग्गा ही वेगळी जात नव्हती, मैदानी झेब्र्याचीच ती शाखा होती, याला त्यातून बळ मिळाले.

कमावण्याच्या रसायनांनी डीएनएचे तुकडे तुकडे होतात. नुसते मीठ लावून किंवा सावलीत वाळवून ठेवलेल्या कातड्यात तो जास्त टिकतो. रानातली साधी, घाईची रीत अशी शंभर वर्षांनी शास्त्राच्या कामी आली. खानदेशात क्रम्प सापळे लावत होते तेव्हा डीएनए हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता.

रूझवेल्ट यांच्या मोहिमेने लाडो भागातून उत्तरी पांढऱ्या गेंड्याची कातडी आणली. त्या उपजातीचा शेवटचा नर 2018 च्या मार्चमध्ये केनियात मेला आणि आता दोन माद्या उरल्या आहेत. त्या मोहिमेची शिकार आज आपल्याला बोचते, आणि बोचायलाच हवी. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये आला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. वन्यप्राण्याचे कातडे परवान्याविना जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. ते योग्यच झाले.

पण याच कारणाने जुन्या कातड्यांची किंमत वाढली आहे. हवा बदलताना प्राण्यांचा आकार बदलला का, कोणता उंदीर कोणत्या डोंगरावरून नाहीसा झाला, शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात किती वैविध्य होते, या प्रश्नांची उत्तरे त्या कप्प्यांतच आहेत. मुंबईतले आणि देशातले असे संग्रह सांभाळायला माणसे, पैसा आणि कोरडी, थंड जागा लागते. ती देण्यात हात आखडता घेता कामा नये. हे नमुने पुन्हा गोळा करता येणार नाहीत, आणि करूही नयेत.